मुंबईत न खेळलेला मुंबईचा संघ

‘मुंबई चॅम्प्स’ हे नाव आज घेतले तर क्रिकेटवेडा माणूसही क्षणभर थबकतो. पहिल्या मोसमात ब्रायन लारा कर्णधार, संदीप पाटील प्रशिक्षक. तरी जेमतेम दोन वर्षांत संघ संपला. नावात मुंबई असली तरी त्याचे सामने पंचकुला, गुरगाव, हैदराबाद, अहमदाबाद अशा परगावी झाले. असे का, हे शोधू लागलो आणि धावफलक बाजूला ठेवून मला न्यायालयाचा निकाल वाचावा लागला.

२००४ साली झी समूहाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी मोठी बोली लावली, पण हक्क मिळाले नाहीत. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २००५मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला, की क्रिकेट नियामक मंडळ हे राज्यघटनेच्या १२व्या अनुच्छेदातील ‘राज्य’ नाही. म्हणजे देशाचा संघ निवडणारी ही संस्था कायद्याच्या लेखी खासगीच राहिली.

मग सुभाषचंद्र यांनी २००७मध्ये स्वतःची इंडियन क्रिकेट लीग काढली. तो टीव्हीचा धंदा होता, समाजसेवा नव्हे. कपिल देव पुढे झाले आणि त्यांचे राष्ट्रीय अकादमीचे अध्यक्षपद गेले. मंडळाने दोन गोष्टी केल्या. आपल्या अखत्यारीतली मैदाने दिली नाहीत, म्हणून वानखेडेचा प्रश्नच मिटला; आणि लीगमध्ये खेळणाऱ्यावर बंदी घातली.

ही बंदी लाराला काय लागणार? तो निवृत्त झाला होता. खरी लागली ती रणजीच्या उंबरठ्यावरच्या पोरांना. आमच्या बीडचा सचिन धस २०२४च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात खेळला. इथल्या पोराने तिथवर जायचे तर जिल्हा, राज्य संघटना, मग देश अशीच शिडी आहे, आणि तिची प्रत्येक पायरी मंडळाशी जोडलेली. दुसऱ्या शिडीवर पाय ठेवला की पहिली काढून घेतली जाते.

१९७७मध्ये ऑस्ट्रेलियात केरी पॅकरनेही असेच बंड केले होते. पण त्याच्याकडे ऐन भरातले खेळाडू होते, आणि लंडनच्या न्यायालयाने १९७७मध्येच खेळाडूंवरची बंदी बेकायदा ठरवली. आपल्याकडच्या लीगची मोठी नावे बहुतेक उताराला लागलेली. माझ्या मते ती तिथेच हरली. आयपीएल एप्रिल २००८मध्ये आली, तिने फक्त शेवटचा खिळा ठोकला.

मुंबई चॅम्प्स पहिल्या मोसमात सहा संघांत तळाला राहिले. २००८मध्ये लाराच्या जागी नेथन अ‍ॅस्टल कर्णधार झाला. २००९मध्ये मंडळाने ३१ मेपर्यंत लीग सोडणाऱ्यांना माफी देऊ केली आणि ७९ भारतीय खेळाडू परतले. त्यांतला हैदराबाद हिरोजचा अंबाती रायुडू, २००४च्या युवा विश्वचषकातला भारताचा कर्णधार. भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळायला त्याला २०१३ उजाडले. बाकीच्यांपैकी किती जणांची नावे आज कुणाला आठवतात?

संदीप पाटील २०१२मध्ये त्याच मंडळाच्या निवड समितीचे अध्यक्ष झाले. २०१३मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मंडळाला ५२ कोटी २४ लाखांचा दंड ठोकला. आयपीएलच्या प्रक्षेपण करारात, दुसऱ्या कुठल्याही स्पर्धक लीगला मान्यता देणार नाही, अशी हमी मंडळाने दिली होती. अपिलात दंड रद्द झाला, २०१७मध्ये आयोगाने तो पुन्हा लावला. मुंबई चॅम्प्स तोवर आठ वर्षांपूर्वीच मोडीत निघाले होते.