स्टीलच्या साच्यावर वाकणारी काच

रंगीत काचेचे तुकडे रचून भट्टीत सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ते एकजीव होऊन सपाट चकती तयार होते. तिचा वाडगा किंवा फुलदाणी करायची तर ती पुन्हा भट्टीत जाते, या वेळी साच्यावर. 650 अंशांच्या आसपास काच वितळत नाही, पण स्वतःच्या वजनाने वाकण्याइतकी मऊ होते.

भाजलेल्या मातीच्या साच्यात काच सहसा आत बसवतात, स्टीलच्या साच्यावर मात्र बाहेरून पांघरतात. यामागे आकसण्याचा हिशेब आहे. 20 सेंटीमीटर व्यासाचे स्टेनलेस स्टीलचे भांडे 500 अंशांवरून निवताना दीड मिलिमीटरहून थोडे जास्त आकसते. तेवढ्याच व्यासाची काच त्याच्या जेमतेम निम्मी. काच आत असेल तर भांडे तिला चहूबाजूंनी आवळते आणि ती तडकते. काच बाहेर असेल तर भांडे आतल्या आत लहान होते आणि काच अलगद सुटते. माती काचेहून कमी आकसते, म्हणून तिचा नियम उलटा.

प्रत्येक धातू या कामाचा नाही. ॲल्युमिनियम 660 अंशांनाच वितळते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यातून घातक धूर निघतो, तो टाळलाच पाहिजे. साध्या लोखंडाचे पापुद्रे सुटतात. उरते स्टेनलेस स्टील. स्वयंपाकघरातले भांडेही चालते. फक्त ते तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद हवे, काठ दुमडलेला नको आणि नंतर ते जेवणात वापरायचे नाही.

उघड्या स्टीलला तापलेली काच चिकटते, म्हणून ॲल्युमिना आणि चिनी मातीचा पातळ लेप लावतात. गुळगुळीत, थंड स्टीलवरून तो ओघळतो. त्यासाठी साचा पॉलिश पेपरने खरवडून सुमारे 200 अंशांपर्यंत तापवतात. मग कुंचला टेकताच लेप चरचरत जागीच सुकतो. असे पातळ हात एकावर एक द्यावे लागतात.

पालथ्या साच्यावर चकती तोलून ठेवली की तिचा फक्त मधला भाग धातूला टेकतो. अधांतरी कडा आधी तापतात, मधला भाग मागे राहतो. घाई केली तर काच इथेच फुटते. 6 मिलिमीटर जाडीच्या काचेला तासाला साधारण 150 अंशांची चढण पुरे. कडा झुकू लागल्या की भट्टीच्या झरोक्यातून लक्ष ठेवावे लागते. लवकर थांबवले तर पसरट वाडगा मिळतो. आणखी काही मिनिटे दिली तर कडा निऱ्यांसारख्या खाली उतरतात. या कामातला सर्वांत देखणा क्षण हाच.

पुढे सगळा भर निववण्यावर. पोर्टलंडच्या बुल्सआय कंपनीची 6 मिलिमीटर काच 482 अंशांवर तासभर ठेवून मग सावकाश थंड करतात, म्हणजे आतला ताण निघून जातो. भट्टी पूर्ण निवेपर्यंत उघडायची नाही. काच उचलल्यावर साच्यावरचा लेप तपासतात. कुठे खरवडला असेल तर पुढच्या वेळी तो नव्याने चढवतात.