बेचाळिसाव्या दिवसानंतर
लेखमाला : पहिले हजार दिवस – भाग 4

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात एखादी बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की तिथल्या आशाताईंच्या वहीत सहा भेटी पडतात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिला दिवसही त्यात धरतात. आशाताईंच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि सेकंदाचं घड्याळ असतं. बाळाचं वजन होतं, काखेत ताप पाहिला जातो, पोटाची हालचाल बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजले जातात. मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, दूध ओढायचं थांबणं, अंग गार पडणं यांतलं काहीही दिसलं तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे त्यांना प्रशिक्षणात पक्कं शिकवलेलं असतं.

ही पद्धत महाराष्ट्रातच घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत 1995 पासून गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्याआधी तिथे जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी 62 बाळं पहिला महिना पार करत नव्हती. तिसऱ्या वर्षी हा आकडा 25 च्या आसपास आला. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं, तिथे तो जवळपास जिथल्या तिथेच राहिला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले आणि 2011 पासून देशभरातल्या आशाताईंच्या कामात या गृहभेटी आल्या.

बाळ जगवणं हा या भेटींचा पहिला हेतू होता आणि तो योग्यच होता. पण आज महाराष्ट्रात शंभरातली सुमारे 95 बाळंतपणं दवाखान्यात होतात. घरी परतलेल्या बाळंतिणीला आता बाळ जगेल ना या भीतीइतकाच दुसरा प्रश्न छळतो : हे का रडतंय, पुरेसं पितंय का, झोपत का नाही, आणि माझंच काही चुकतंय का?

तिसऱ्या दिवसाची भेट म्हणूनच सगळ्यांत मोलाची. पहिले दोन-तीन दिवस आईला चीक येतो, तोही एका वेळेला चमचाभर. बाळाला तेवढा पुरतो, पण घरच्यांच्या डोळ्यांना पुरत नाही. त्यात बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत 7 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांच्या आत पुन्हा जन्माच्या वजनावर येतं. हे कोणी आधी सांगितलेलं नसतं. मग ‘हिला दूधच नाही’ असा निकाल लागतो आणि कोणीतरी कुर्डुवाडीच्या बाजारातून पावडरीचा डबा घेऊन येतं. वरचं दूध पोटात गेलं की बाळ छातीशी कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी उतरतं, आणि घरच्यांचं म्हणणं दोन आठवड्यांत खरं ठरतं. दुधाच्या डब्यांच्या जाहिरातींवर 1992 च्या कायद्याने बंदी आहे. घरातल्या धास्तीवर मात्र कायदा चालत नाही. तिथे माणूसच लागतो.

त्या माणसाने काय करायचं? आधी काही सांगायचं नाही. आईला ‘पाजून दाखव’ म्हणायचं आणि शेजारी बसायचं. बाळाचं तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी छातीला टेकलीय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या ओठापाशी जास्त आणि खाली कमी दिसतोय का, हे बघायचं. या चार खुणा जुळल्या की आईची कळ बहुतेक वेळा तिथल्या तिथे थांबते. ‘पहिल्यांदा दुखतंच’ म्हणून चिरा पडेपर्यंत सोसणाऱ्या बायका खूप आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणींचं दुखणं केवळ बाळ टोकाला धरत असल्यामुळे असतं. बाळाला थोडं फिरवून, पोटाशी पोट लावून, मान-पाठ एका रेषेत आणली की फरक पडतो. हे पत्रकातून शिकवता येत नाही. एक पूर्ण पाजणं बघायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ देणं हीच खरी मदत.

पुरतंय की नाही, हे रडण्यावरून ठरवायचं नसतं. पाचव्या दिवसानंतर दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा शू, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं आणि काट्यावर चढतं वजन, एवढा पुरावा पुरेसा आहे. सोलापूर जिल्ह्यात तर एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि ‘लेकराचा घसा सुकतोय’ म्हणून चमचा-चमचा पाणी दिलं जातं. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळं पाणी लागत नाही. उन्हाळ्यात जास्त वेळा पाजायचं आणि पाण्याचा तांब्या आईच्या हाताशी ठेवायचा. घुटी, गुळाचं पाणी यांचीही गरज नाही. मध तर वर्षभर अजिबात नको. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो.

आता झोप. नवजात बाळ दिवसातले चौदा ते सतरा तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. दिवस-रात्रीचं चक्र शरीरात बसायला साधारण तीन महिने जातात. तोवर रात्री उठणारं बाळ बिघडलेलं नसतं, त्याला वळणही लावायचं नसतं. रात्रीचं पाजणं आईच्या दुधासाठीही महत्त्वाचं, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त स्रवतं. बाळाला पाठीवर झोपवावं, आईच्या खोलीतच, सपाट अंथरुणावर. तोंडावर दुपटं नको, मऊ उशा नकोत. रात्री दिवा मंद आणि बोलणं कमी, दिवसा घरातला नेहमीचा उजेड आणि आवाज. बाकी सगळं आईच्या झोपेवर अवलंबून आहे आणि ती घरातल्या माणसांनी राखायची असते. पाजणं आईनेच करायचं, पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पहाटे तासभर बाळाला खांद्यावर घेऊन फिरणं बापाला जमतं. आशाताई भेटीला आल्यावर बाप ओसरीवर थांबतो, त्याला आत बोलावलं पाहिजे.

रडण्याचं मात्र स्वतःचं एक वेळापत्रक आहे. दुसऱ्या आठवड्यापासून ते वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. निरोगी, पोटभर पिणाऱ्या बाळाचंही असंच होतं. आता शेजारी इतर तारखा मांडून बघाव्यात. सव्वा महिना झाला की बाळंतिणीची विश्रांती संपते, मालिश करणारी बाई येईनाशी होते, अळिवाचे लाडू संपतात, चूल-धुणं पुन्हा मागे लागतं. आशाताईंची शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. म्हणजे बाळ सगळ्यांत जास्त रडतं, नेमक्या त्याच दिवसांत आईच्या भोवतीचे सगळे हात एकदम निघून जातात. 2018 पासून सुरू झालेल्या पुढच्या गृहभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आहेत. मधला दीड महिना रिकामा.

आणि हाच दीड महिना मनाला जड जातो. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत उगीच रडू येणं बहुतेकींना होतं आणि जातं. ते दोन आठवड्यांपुढे टिकलं, बाळाकडे बघवेनासं झालं, बाळ झोपलं तरी झोप लागेना, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. याला ‘बाहेरचं’ समजून अंगारे-धुपारे करण्यात दिवस जातात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर (14416) मराठीतही बोलता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

या रिकाम्या काळात भर टाकते ती आपल्याकडची माहेरपणाची रीत. पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी आणि गरोदरपणाची तपासणी सासरी, समजा मोडनिंबला, बाळंतपण माहेरच्या गावी, आणि बाळाला घेऊन परत येणं दोन-तीन महिन्यांनी. माहेरच्या आशाताईंकडे तिची ओळख नसते, सासरच्या आशाताईंना ती कधी परतली हे कळत नाही. माहेरपण ही बाळंतिणीला मिळालेली फार चांगली गोष्ट आहे, तिला धक्का लावायचं कारण नाही. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं आणि दोन्ही गावच्या आशाताईंचे नंबर त्यावर लिहून घ्यावेत.

उसाच्या फडातल्या आईला माहेरपणही नाही. उजनीच्या पाण्यावर माढा तालुक्यात ऊस उभा राहिला आणि दिवाळीच्या आगेमागे बीडकडून, मराठवाड्यातून तोडकरी जोडपी इथे येऊ लागली. नवरा-बायको मिळून एक कोयता, पैसे टनावर, खाडा झाला तर दंड. पहाटे फडात गेलेली आई पाचटावर बाळ टाकून मोळ्या बांधते. तिला ‘दोन-दोन तासांनी पाज’ म्हणणं सोपं आहे. तिला उपयोगी पडेल असं काय, ते सांगायला हवं : फडाला जाण्याआधी आणि आल्याबरोबर पाजणं, रात्री मोकळेपणाने पाजणं, दूध हाताने स्वच्छ झाकणाच्या भांड्यात काढून ठेवणं. थंडीच्या दिवसांत सावलीत ते चारेक तास टिकतं. कोपीवर, म्हणजे झोपडीवर, राहिलेल्या म्हातारीने ते वाटी-चमच्याने पाजायचं, बाटलीने नाही. पण हे सांगायला कोपीपर्यंत कोण जातं? तिचं नाव इथल्या कुठल्याच आशाताईंच्या वहीत नसतं.

आशाताईंवरच आणखी ओझं टाकणं अन्याय होईल. सहा भेटी पूर्ण केल्यावर केंद्राच्या योजनेतून त्यांना मिळतात 250 रुपये, म्हणजे भेटीमागे 42 रुपयेसुद्धा नाहीत. नेदरलँड्समध्ये बाळंतिणीच्या घरी प्रशिक्षित मदतनीस पहिल्या आठवड्यात किमान 24 तास काम करते, पाजायला शिकवते, घरही आवरते, आणि खर्च मुख्यतः आरोग्यविमा उचलतो. आपल्याकडे मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. वीस मिनिटं शेजारी बसण्याचा मोबदला देणं अजून बाकी आहे.

तोवर हाताशी एक दिवस आहे. बाळाच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात. दहावा आठवडा बरोबर त्या रिकाम्या काळात येतो. त्या दिवशी सिस्टर, आशाताई आणि अंगणवाडीताई एकाच जागी असतात, वजनकाटाही तिथेच असतो. लस टोचून झाल्यावर बाळ रडतं आणि आई त्याला छातीशी घेतेच. तेवढ्यात एका कोपऱ्याला पडदा लावून तिला बसवलं, बाळ कसं धरतंय ते बघितलं आणि ‘तुझी झोप होते का, जेवतेस का’ एवढं विचारलं, तर वेगळी योजना लागणार नाही. हंगामात तोडकऱ्यांच्या वस्तीवर लसीकरण होईल तेव्हा तिथेही हेच करता येईल. माढ्यातल्या एखाद्या उपकेंद्राने या हंगामात एवढं करून पाहावं.

(पुढच्या भागात : सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचा आहार – ज्वारी, नाचणी आणि पहिली वाटी)