कोरलेला नकाशा आणि ऐकलेला श्वास

बीजिंगमधल्या 'बायून ग्वान', म्हणजे शुभ्रमेघ मंदिरात १८८६ साली कोरलेली एक शिळा आहे. तिच्यावर माणसाचं शरीर आहे, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते ओळखू येत नाही. दिसतो तो डोंगराळ मुलूख. डोकं म्हणजे कड्यांची रांग, पाठीचा कणा म्हणजे त्या कड्यांकडे चढत जाणारी नदी, गळ्याच्या जागी बारा मजली मनोरा. हृदयापाशी एक गुराखी पोर सप्तर्षी हातात घेऊन उभा आहे. खाली मूत्रपिंडांच्या जागी एक मुलगी चरख्यावर सूत काततेय. पोटात एक जण बैल जुंपून शेत नांगरतोय. आणि अगदी तळाशी, माकडहाडाजवळ, दोन मुलं पायांनी रहाट चालवून पाणी उलटं वर चढवताहेत.

ल्यू छंगयिन नावाच्या, ताओ मार्गाची दीक्षा घेतलेल्या दरबारी खोजानं ही शिळा कोरून घेतली. ताओ परंपरेतल्या अंतर्गत ऊर्जासाधनेचा हा सगळ्यात देखणा नकाशा. तो पाहिला की साधकाच्या मनात दोन गोष्टी एकदम येतात. हे सगळं आपल्याला यायला हवं, ही ओढ. आणि हे खरंच एवढं अवघड असायला हवं का, हा प्रश्न. आज छीगाँग, ताओ ध्यान किंवा ताय-ची शिकू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो, कारण बाजारात दोन्ही टोकांची शिकवण शेजारी शेजारी मांडलेली असते.

आधी अवघड टोक पाहू. चिनी परंपरा माणसात तीन ठेवे मानते: जिंग म्हणजे देहाचं बीजसत्त्व, छी म्हणजे प्राण आणि शेन म्हणजे चैतन्य. जिंगचं छीत, छीचं शेनमध्ये आणि शेनचं शून्यात रूपांतर करायचं, ही 'नेइदान' म्हणजे अंतर्गत रसायनाची मुख्य वाट. तिचं पहिलं मोठं काम म्हणजे 'लघु गगनचक्र'. नाभीखालच्या दान-थ्येन या केंद्रात छी साठवायची, ती माकडहाडापाशी न्यायची, पाठीच्या 'दू' मार्गानं वर चढवायची, माथ्यावरून पुढे आणून 'रन' मार्गानं पुन्हा पोटात उतरवायची. दू मार्गावर २८ बिंदू, रन मार्गावर २४. चढणीवर तीन घाट आहेत: माकडहाड, पाठीचा मध्य आणि मानेच्या वर, कवटीच्या मागे असलेली 'रत्नउशी'. जीभ टाळूला टेकवून वरचा पूल जोडायचा. त्या पुलाला नाव दिलंय मॅग्पाय पक्ष्यांच्या पुलाचं. चिनी लोककथेत हे पक्षी वर्षातून एकदा आकाशगंगेवर पूल बांधतात आणि ताटातूट झालेले गुराखी व विणकरीण त्यावर भेटतात. शिळेवरचा गुराखी आणि कातणारी मुलगी हीच ती जोडी.

आपल्याकडच्या वाचकाला यात मूलाधार, सुषुम्ना, खेचरी मुद्रा यांची आठवण येईल. साम्य आहेच, पण एक फरक विसरू नये. हठयोगातली कुंडलिनी वर चढून सहस्रारात लीन होते. ताओ साधनेतली छी माथ्यावर थांबत नाही, तिला खाली पोटात परत आणावीच लागते. या पद्धतीतल्या बहुतेक तक्रारी, डोकं जड होणं, कानशिलं ठणकणं, झोप उडणं, या परतीच्या वाटेवरच्या असतात. चढवायचं शिकलं, उतरवायचं राहिलं.

आणि हे तर पायाभरणीचं काम. त्यालाच परंपरा शंभर दिवस म्हणते. पुढे दहा महिने 'गर्भधारणा', तीन वर्षं 'स्तनपान', नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसणं. हे आकडे प्रतीकात्मक आहेत, पण त्यांमागचा अर्थ सरळ आहे: हे अख्ख्या आयुष्याचं काम आहे, संध्याकाळच्या वर्गाचं नाही.

आता दुसरं टोक. छन यिंगनिंग (१८८०-१९६९) हे विसाव्या शतकातले ताओ अंतर्गत रसायनाचे सर्वांत मोठे अभ्यासक. तरुणपणी क्षयानं गाठलं म्हणून ते या वाटेला लागले. ताओ ग्रंथसंग्रह त्यांनी पिंजून काढला, साधनेवरची नियतकालिकं चालवली, आणि पुढे चिनी ताओ संघटनेचे अध्यक्ष झाले. सगळा नकाशा ज्याला पाठ होता असा हा माणूस. १९५०च्या दशकात मज्जातंतूंच्या थकव्यानं, निद्रानाशानं त्रासलेल्या रुग्णांसाठी त्यांनी जी साधना सांगितली, तीत रहाट नाही, नदी नाही, बारा मजली मनोरा नाही. स्वतःचा श्वास ऐकायचा. तो मोजायचा नाही, लांबवायचा नाही, कुठे न्यायचा नाही. आवाज होत नसला तरी श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढं जाणत राहायचं. झोप लागली तर झोपायचं. ही पद्धत त्यांनी प्राचीन ताओ विचारवंत च्वांग-त्सूच्या 'मनाचा उपवास' या प्रसंगातून घेतली होती.

माझ्या मते या वादातला सर्वांत वजनदार पुरावा हाच आहे. ज्याला अवघड येत नाही, त्यानं सोपं बरं म्हणण्यात काही विशेष नाही. ज्याला अवघड येत होतं, त्यानं आजारी माणसाला सोपं दिलं.

वाद मात्र जुना आहे. हूनान प्रांतातल्या मावांगद्वी इथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेली एक कबर १९७३ साली उघडली गेली. तीत रेशमावर रंगवलेल्या ४४ माणसांचा पट निघाला: कुणी वाकतंय, कुणी ताणतंय, कुणी पक्ष्यासारखे हात पसरलेत. त्याच्याही आधीच्या 'नेइये' या छोट्या पद्यग्रंथात नीट बसणं, मन स्थिर ठेवणं आणि छी आपोआप येऊ देणं एवढंच आहे. आणि च्वांग-त्सूच्या नावावरच्या ग्रंथात, दीर्घायुष्यासाठी अस्वलासारखं लोंबकळणाऱ्या, पक्ष्यासारखं ताणणाऱ्या मंडळींना चिमटाही काढलेला आहे. म्हणजे 'करणं' मोठं की 'होऊ देणं' मोठं, ही तक्रार दोन हजार वर्षांपूर्वीही होती.

मग एवढी गुंतागुंत आली कुठून? भट्टीतून. ताओ रसायनी आधी खरोखरच्या भट्टीत हिंगूळ, पारा, शिसं शिजवून अमृत काढू पाहत होते. थांग घराण्यातल्या एकाहून अधिक सम्राटांचा जीव या गोळ्यांनी घेतला. पुढे रसायन शरीराच्या आत सरकलं, पण भाषा भट्टीचीच राहिली: मूस, शिसं, पारा, मंद आच, तीव्र आच. झांग बोद्वानच्या १०७५ सालच्या 'वूझन प्येन' या काव्यात ही भाषा शिगेला पोहोचते. तिचा हेतूच मुळी सगळं सांगायचं नाही असा होता. खरी किल्ली तोंडी दिली जायची, गुरूच्या समोर, शिष्याची कुवत पाहून. ल्यू यीमिंग (१७३४-१८२१) या ताओ आचार्यानं तर या प्रतीकांचा शब्दशः अर्थ लावून देहात छी ढकलत बसणाऱ्यांवर कडक टीका केली.

हे ध्यानात घेतलं की निवडीचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. अवघड साधनेचे ग्रंथ ही कृतीची पुस्तकं नव्हतीच. ती शिष्यासाठी आठवणीच्या गाठी होत्या. विसाव्या शतकात ग्रंथ सर्वांच्या हाती आले आणि गुरू बाजूला पडला. १९२९ साली रिचर्ड विल्हेल्मनं 'सुवर्णपुष्पाचं रहस्य' हा ताओ ध्यानग्रंथ जर्मनमध्ये आणला, त्याला कार्ल युंगचं भाष्य होतं. १९७८ साली याच ग्रंथावर ओशोंनी पुण्यात प्रवचनं दिली. १९८३ मध्ये मंताक चिया यांच्या पुस्तकानं लघु गगनचक्र पाश्चात्त्य वाचकाच्या थेट हातात दिलं. यातून पुष्कळांना दार उघडलं, हे नाकारता येत नाही. पण समोर कुणी पाहणारा नसताना छी कण्यातून ढकलण्याचा प्रघातही इथूनच पडला.

यात ज्यांग वेइछ्याओ (१८७३-१९५८) यांची गोष्ट मला फार शिकवून जाते. तेही क्षयाचे रुग्ण. बसायला लागले, आणि एके दिवशी पोटातली ऊब आपोआप माकडहाडातून वर चढून चक्र फिरल्याचा अनुभव त्यांनी नोंदवला. १९१४ साली त्यांनी साध्या भाषेत, भट्टीचे शब्द टाळून, स्थिर बसण्यावर पुस्तक लिहिलं. ते अफाट खपलं. त्यांचं चक्र फिरलं ते फिरवल्यामुळे नव्हे, पोटावर लक्ष ठेवून मुकाट बसल्यामुळे. पुढे १९१८च्या पुस्तकात ते थ्येनताय बौद्धांच्या ध्यानाकडे वळले.

उलट उदाहरण १९८०च्या दशकातलं. चीनमध्ये छीगाँगची लाट आली, उद्यानं भरली, सभागृहांत हजारोंचे मेळावे भरले. त्याबरोबर एक जुना शब्द पुन्हा कानावर येऊ लागला: 'झोउ हुओ रू मो', आग भरकटली आणि भूत आत शिरलं. भास, प्रचंड अस्वस्थता, आवरता न येणाऱ्या हालचाली घेऊन लोक मनोविकारतज्ज्ञांकडे येऊ लागले. १९९४ साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानसंहितेतही छीगाँगमुळे उद्भवणाऱ्या मनोविकृतीची नोंद झाली. हे सगळ्यांना होत नाही. पण पूर्वीचा मानसिक आजार, अतिरेकी सराव आणि मार्गदर्शक नसणं हे एकत्र आलं की धोका खरा असतो.

२००३ साली चीनच्या क्रीडा प्रशासनानं जनतेसाठी चार प्रमाणित छीगाँग क्रम जाहीर केले. त्यातला 'बाद्वानजिन', म्हणजे जरीच्या आठ पट्ट्या, सर्वांत लोकप्रिय. आठ हालचाली, साधारण पाव तासात होतात. चक्र नाही, घाट नाही. आणि वैद्यकीय चाचण्याही झाल्या त्या या साध्या टोकाच्याच. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताय-ची करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सुधारला आणि ताणाचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचं पडणंही कमी झालं. छी नावाचा पदार्थ कोणत्या यंत्रात सापडलेला नाही, ती अनुभवाची भाषा आहे. पण हळू, सजग हालचालीचा उपयोग मोजता आलेला आहे.

सोपं म्हणजे उथळ, हा समज मात्र काढून टाकायला हवा. वांग श्यांगझाय (१८८५-१९६३) यांनी प्रचारात आणलेलं 'झान झ्वांग' करून पाहा. पाय खांद्याएवढे दूर, गुडघे किंचित सैल, हात छातीपुढे गोल, जणू मोठी घागर कवेत धरलीय. बस, उभं राहायचं. तीन-चार मिनिटांत मांड्या थरथरतात, खांदे तक्रार करतात, मन पळवाटा शोधतं. काहीही न करणं किती अवघड आहे, ते तेव्हा कळतं. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीचा पंथराज इतक्या तपशिलानं वर्णिला आणि बाराव्यात सामान्यांसाठी भक्तीची वाट मोकळी केली. त्या माणसाला सहावा अध्याय येत नव्हता असं कोण म्हणेल?

माझा निकाल म्हणून विचाराल तर तो असा. समोरासमोर पाहणारा, चूक झाली तर थांबवणारा, स्वतः ही वाट चाललेला शिक्षक नसेल, तर लघु गगनचक्राला हात लावू नये. पुस्तकावरून नाही, चित्रफितीवरून तर मुळीच नाही. असा शिक्षक असेल तरी आधी किमान सहा महिने उभं राहणं, बाद्वानजिन किंवा श्वास ऐकणं यांपैकी एकच काहीतरी रोज करावं. झोप सुधारली का, पाय गरम राहतात का, राग लवकर ओसरतो का, हे पाहावं. ऊब स्वतःहून हलली तर हलू द्यावी, तिच्या मागे लागू नये. डोक्यात दाब आला, छातीत धडधड वाढली, तर सराव बंद करावा, लक्ष तळपायांकडे न्यावं, चालायला जावं. कधीकाळी मनोविकाराचे उपचार घेतले असतील, अपस्मार किंवा हृदयविकार असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं आणि औषध कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नये.

त्या शुभ्रमेघ मंदिरात शिळेखेरीज आणखी एक गोष्ट आहे. छ्यू छूची (११४८-१२२७) या ताओ गुरूचे अवशेष तिथे विसावले आहेत. सत्तरी ओलांडलेला हा माणूस चंगीझखानाच्या बोलावण्यावरून चीनच्या पूर्व टोकापासून हिंदुकुशापर्यंत गेला. १२२२ साली खानानं त्याला विचारलं, अमरत्वाचं कोणतं औषध आणलंस? छ्यूनं सांगितलं, आयुष्य जपण्याचे मार्ग आहेत, अमर करणारं औषध नाही. पुढे त्यानं जगज्जेत्याला सल्ला दिला तो वासना आवरण्याचा आणि काही काळ एकटं झोपण्याचा.