सूरजागडची खाट आणि विलायतेचा विमा

आमचे मास्तर जर्मनीला निघाले आहेत. ही बातमी एटापल्लीत फुटली त्या दिवसापासून त्यांच्या ओसरीवर माणसांचा राबता सुरू झाला आहे. कोणी विचारतो, विमानात भात मिळतो काय. कोणी बजावतो, तिकडे थंडी फार, दोन घोंगड्या जास्तीच्या न्या. लेक तिकडे नोकरीला, जावई तिकडेच, आणि लेकीचे पहिले बाळंतपण. तेव्हा जाणे भागच. मास्तरांना पासष्टावे लागले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतून त्यांनी आयुष्य काढले. त्यातली पुष्कळशी वर्षे सूरजागडच्या डोंगराच्या पायथ्याशी. वहिनींचा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास पंढरपूरचा.

मी त्यांचा शेजारी. कॉलेजात मराठी शिकवतो. पण आमच्या गावात इंग्रजी कागद आला की तो मराठीच्या प्राध्यापकाकडे वाचायला येतो, आणि मीही तो आव आणून वाचतो. तसा एका संध्याकाळी मास्तरांच्या प्रवास-विम्याचा कागद माझ्याकडे आला. शहरातल्या कोणा एजंटाने फोनवर चार प्रश्न विचारून तो तयार करून पाठवला होता. मास्तर म्हणाले, "सर, जरा नजर टाका. व्हिसाला लागतो म्हणे. एक उपचार आहे झालं."

मी नजर टाकली, आणि तिसऱ्या पानावर ती अडकली. मधुमेह: नाही. रक्तदाब: नाही. हृदयविकार: नाही. आता मास्तर गेली बारा वर्षे माझ्यासमोर बिनसाखरेचा चहा पितात. आणि सहा वर्षांपूर्वीच्या त्या रात्री त्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा जीपमध्ये त्यांचे डोके मांडीवर घेऊन मीच बसलो होतो. आलापल्लीचा रस्ता, मग चंद्रपूर, मग नागपूर. अडीचशेहून अधिक किलोमीटर. तिथे त्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला.

"मास्तर, हे 'नाही' कोणी लिहिलं?"

"त्या पोरानंच. म्हणाला, खरं लिहिलं तर हप्ता वाढतो आणि व्हिसाही अडतो."

जन्मभर पोरांना खरे बोला म्हणून शिकवलेल्या माणसाचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता. वहिनी मात्र तडक बोलल्या, "काहून जी सर, आपल्याला काही होतच नाही म्हटलं, तर लिहिलं काय अन् नाही लिहिलं काय?"

प्रश्न साधा होता, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

'विमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'बीम' म्हणजे भीती. आपण विमा 'काढतो' तसा 'उतरवतो'ही, जशी दृष्ट उतरवतो तसा. म्हणजे भीती आहे हे आधी कबूल करायचे आणि मग ती उतरवायची. भीतीच लपवून ठेवली तर उतरवायचे काय? शब्दांशी खेळणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण विम्याचा सगळा व्यवहार या एका गोष्टीवर उभा आहे हे खरे. जो आजार आधीपासून आहे आणि अर्जात सांगितला नाही, त्याच आजाराने परदेशात आडवे पडलात, तर विमा कंपनी तुमचे जुने कागद मागवते आणि दावा नाकारते. सहा वर्षांपूर्वीचा नागपूरचा कागद शोधून काढायला तिला काही अवघड नाही. आणि एजंटाचे ते व्हिसाचे भय तर निव्वळ थाप. शेंगेन व्हिसा देणारे विम्याचा कागद बघतात ते रक्कम, मुदत आणि देश बघायला. त्या अर्जातली तुमची साखर त्यांचा व्हिसा अडवीत नाही.

हा युरोपचा नियमही समजून घेण्यासारखा आहे. जर्मनी, फ्रान्स, इटली धरून 29 देशांचा मिळून हा शेंगेन प्रदेश. त्याचा अल्पकाळाचा व्हिसा हवा तर निदान 30,000 युरोंचा विमा हवा, तो सगळ्या शेंगेन प्रदेशात चालला पाहिजे आणि मुक्कामाचे सगळे दिवस त्यात आले पाहिजेत. तातडीचे औषधपाणी, इस्पितळ, आजारी माणसाला मायदेशी पोचवणे, आणि मृत्यू आला तर देह परत आणणे, इतके सारे त्यात यावे लागते.

शेवटची बाब वाचताना वहिनींनी कानांवर हात ठेवले. दिवाळीच्या तोंडावर अभद्र बोलू नये हे मलाही कळते. पण दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी घराण्याला हा प्रश्न पडला होता, आणि तो राजाच्या घरी पडला होता. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली विलायतेला गेले. वय अवघे वीस. इंग्लंड पाहून परतताना इटलीत फ्लॉरेन्सला ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथेच वारले. ख्रिस्ती शहर, दहनाची चाल नाही, कायद्यात सोय नाही. बरोबरच्या मंडळींनी खास परवानगी मिळवली आणि आर्नो नदीला मुन्योने मिळते त्या संगमावर महाराजांना अग्नी दिला. कुठे पंचगंगा आणि कुठे आर्नो! तिथे पुढे छत्री उभी राहिली. शेजारच्या पुलालाही आज त्या 'हिंदी' माणसावरूनच नाव आहे. राजाबरोबर लवाजमा होता, इंग्रज अधिकारी होता, मागे दरबार होता. आमच्या मास्तरांबरोबर वहिनी आहेत आणि मागे मी आहे.

दुसरी आठवण आनंदीबाई जोशींची. अठराव्या वर्षी एकटी अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघालेली ही मुलगी. निघण्यापूर्वी फेब्रुवारी 1883 मध्ये बंगालात श्रीरामपूरला तिने भाषण केले आणि लोक विचारीत होते ते प्रश्न स्वतःच मांडून त्यांना एकेक करून उत्तरे दिली. त्यातला एक प्रश्न असा, की परक्या मुलखात काही संकट ओढवले तर काय करशील? उत्तर तिने धीटपणे दिले. पण प्रश्न खोटा नव्हता. क्षयाने पोखरलेली ती 1886 मध्ये पदवी घेऊन परतली, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, पुण्यात गेली. तिच्यापाशी तिकडे विमा नव्हता. थिओडिशिया कार्पेंटर नावाची एक प्रेमळ बाई होती, जिने तिला लेकीसारखे घरात ठेवून घेतले. आनंदीबाईंच्या अस्थी पुढे त्याच कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे गेलो तो हे सगळे सांगायला. पण इतिहास सांगायची गरज पडली नाही. मास्तर स्वतःच बोलू लागले.

सूरजागडच्या पायथ्याशी ते नवेच बदलून गेले होते तेव्हाची गोष्ट. पावसाळा, आणि आमच्या भागातला तो हाडे खिळखिळी करणारा हिवताप. मेंदूपर्यंत चढलेला. मास्तर तीन दिवस बेशुद्ध. नाल्याला पूर, रस्ता नाही, गाडी नाही. माडिया मंडळींनी बाज उलटी केली, तिला दोरखंडाने बांबू बांधला, तीत मास्तरांना निजवले आणि जंगलातून चालू लागली. नाला आला की बाज डोक्यावर. एक दमला की दुसरा खांदा देई, गाव संपले की पुढच्या गावाचे चौघे येत. मास्तर जगले. बरे झाल्यावर ते त्या गावी गेले आणि विचारू लागले, तुमचे किती द्यायचे? लोकांना प्रश्नच कळेना. कशाचे किती?

आजही पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागड तुटते, तेव्हा अशा खाटा दिसतात. हेमलकशाला बाबा आमट्यांनी 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तिथल्या दवाखान्यातही कितीतरी रोगी अशाच खाटेवरून आले. डोंगरावरचे लोखंड खणून नेणारे ट्रक आता त्या रस्त्यावर रात्रंदिवस धावतात; पण आतल्या पाड्यांना अजून खाटच.

"सर," मास्तर म्हणाले, "तिकडे मी पडलो तर खाट कोण उचलेल?"

"त्याचेच पैसे भरायचे आहेत," मी म्हणालो. "आणि उचलणाऱ्याला रोग्याचे वजन खोटे सांगायचे नाही."

तेवढ्यावर काम झाले. आम्ही तो कागद रद्द केला आणि नवा अर्ज भरायला बसलो. मधुमेह: आहे. रक्तदाब: आहे. हृदयविकार: आहे, अमुक साली, स्टेंट एक. एका कंपनीने सरळ नकार दिला. दुसरीने घेतले, पण हप्ता जवळजवळ दुप्पट, आणि जुन्या आजारापायी जीव धोक्यात आला तरच, तोही एका ठरीव रकमेपर्यंतच, खर्च देऊ अशी अट. मास्तरांना ती कंजुषी वाटली. मला ती निदान उघड वाटली. काय मिळणार नाही हे आधी कळणे हेही काही थोडे नव्हे. साठीनंतर पुष्कळ विम्यांत खोलीभाडे, शस्त्रक्रिया अशा एकेका बाबीला वेगळी मर्यादा असते. ती बारीक अक्षरात असते आणि मोठा आकडा पहिल्या पानावर ठळक असतो. शिवाय सुरुवातीची काही रक्कम आपल्या खिशातून, त्यापुढची कंपनीची, हेही आत कुठेतरी असते. आम्ही ती पाने चष्मा पुसून दोनदा वाचली. तीस हजार युरो ही व्हिसापुरती किमान मर्यादा. आम्ही त्याहून मोठ्या रकमेचा विमा घेतला, आणि परतीच्या तारखेपुढे चार दिवस जास्त घेतले. बाळ काही पंचांग बघून येत नाही.

एक गोष्ट मात्र मी जावयाला फोन करून मुद्दाम सांगितली. प्रसंग आला तर आधी कंपनीच्या मदत-क्रमांकावर कळवायचे, जमेल तितक्या लवकर. मग इस्पितळाचे बिल ती परस्पर चुकते करण्याची शक्यता असते. न कळवता आपण पैसे भरले तर नंतर कागदांची पायपीट. तो म्हणाला, "काका, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं."

औषधांची तयारी वहिनींनी केली. गोळ्या मूळ वेष्टणात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. मोठ्या सामानात नाहीत, कारण ते सामान कधी कधी मास्तरांआधी तर कधी त्यांच्यानंतर पोचते. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घेतले, कारण आपल्याकडची कंपनीची नावे तिकडे चालत नाहीत. पासपोर्ट परतीनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, तो आहे. छायाप्रती तीन: एक लेकीकडे, एक बॅगेत, एक माझ्याकडे.

खरी लढाई झाली ती तुपावरून. वहिनींनी बाळंतिणीसाठी घरच्या गाईचे तूप कढवून बरणी भरून ठेवली होती. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभत्याचे पदार्थ आणि मांस आणता येत नाही, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू तो कायदा मीच केला. पेढेही गेले. कढीपत्त्याच्या ताज्या डहाळ्याही गेल्या. जवसाची चटणी राहिली, मुगाच्या वड्या राहिल्या. तुपाची बरणी आता आमच्या घरी आली आहे. माझी सौ. म्हणते, हा विमा आपल्यालाच लाभला.

परवा रात्री अर्जाची शेवटची ओळ भरायची राहिली होती. भारतातला संपर्क: नाव, फोन, नाते. मास्तरांनी माझे नाव लिहिले, फोन लिहिला, आणि 'नाते' या रकान्यापाशी थांबले.

"शेजारी लिहू?"

"लिहा की."

मास्तरांनी थोडा विचार केला आणि आपल्या त्या फळ्यावरच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले: भाऊ. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अर्ज इंग्रजीत आहे नाही? तुम्ही जरा ते इंग्रजीत करून द्या."