सव्वा किलोच्या पाहुण्याची ईद

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की बाजार रात्रभर जागतात. मुंबईचा मोहम्मद अली रोड असो, औरंगाबादचा सिटी चौक असो की मालेगावचा किदवाई रोड, तरावीहची नमाज संपल्यावर खरी गर्दी उसळते. आजोबांचा कुर्ता, नातवाची शेरवानी, सुनेचा दुपट्टा, लहानग्यांच्या जरीच्या टोप्या. ईदच्या बाजारात प्रत्येकाच्या मापाचा कपडा मिळतो. मात्र एका गिऱ्हाइकाचे माप कोणत्याच दुकानात सापडत नाही. ते गिऱ्हाईक रुग्णालयात काचेच्या पेटीत निजलेले असते. त्याचे वजन सव्वा किलो असते आणि डोके मोसंबीएवढे. दुकानातले सगळ्यात लहान टोपडे त्याला घातले तर ते हनुवटीपर्यंत उतरते.

दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेले हे बाळ. त्याच्यासाठी लोकरीची किंवा सुताची टोपी, पायमोजे, छोटेसे दुपटे विणणे हे फार जुने आणि साधे काम आहे. त्याला मोठे भांडवल लागत नाही की मोठी विद्या लागत नाही. दोन सुया, थोडी लोकर आणि असर ते मगरिब यांच्या मधला तास. रमजान हा सदक्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचा महिना. या महिन्यात हातांना असे काम मिळाले तर त्याचे मोल मोठे आहे.

दिवस न भरलेली बाळे

गर्भाचे 37 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला वैद्यकशास्त्र ‘अकाली जन्मलेले’ मानते. 2020 मध्ये जगभरात अशी सुमारे 1 कोटी 34 लाख बाळे जन्मली, म्हणजे साधारण दर दहामागे एक. त्यातली 30 लाखांच्या आसपास एकट्या भारतातली होती. जगात कोणत्याही देशात ही संख्या एवढी नाही. दरवर्षी 17 नोव्हेंबरला या बाळांसाठी जागतिक दिन पाळला जातो. त्याचे चिन्हही विणकामातलेच आहे. दोरीवर लहान मुलांच्या मोज्यांच्या नऊ जोड्या वाळत घातलेल्या आणि त्यांच्यात एक अगदी चिमुकली जांभळी जोडी.

घराघरांत एक समजूत अजून ऐकू येते. सातव्या महिन्याचे जगते, आठव्याचे जगत नाही. ही समजूत चुकीची आहे. बाळ पोटात जितके जास्त दिवस राहील तितकी त्याची फुप्फुसे, मेंदू आणि त्वचा तयार होते. म्हणून आठव्या महिन्यातल्या बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातल्यापेक्षा अधिकच असते. आठव्यात बाळंत झालेल्या बाईसमोर ही म्हण उच्चारू नये, एवढे जरी घरच्यांनी पाळले तरी तिच्या जिवाला आधार मिळेल.

फाल्गुन-चैत्राच्या उन्हात लोकर कशाला?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर सोपे आहे. आईच्या पोटात बाळ 37 अंशांच्या आसपासच्या उबेत असते. बाहेर येते तेव्हा ते ओले असते आणि खोली, कितीही उबदार असली तरी, पोटापेक्षा थंडच असते. त्वचेखालची चरबी गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत साठते. ती साठण्याआधीच हे बाळ आलेले असते. त्याची त्वचा कागदासारखी पातळ असते. थंडी वाजली तर मोठी माणसे कुडकुडतात आणि कुडकुडण्यातून उष्णता तयार करतात. या बाळाला कुडकुडताही येत नाही.

नवजात बाळाच्या शरीराचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असावे लागते. ते खाली गेले की बाळाची सारी ताकद अंग गरम ठेवण्यातच खर्च होते. दूध ओढायला, वजन वाढायला, श्वास घ्यायला ती उरत नाही. रक्तातली साखर उतरते, जंतुसंसर्गाला वाट मिळते. बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने मोठे असते, म्हणून उघड्या डोक्यावाटे बरीच ऊब निघून जाते. आजीबाई पहिल्या तासात टोपडे शोधत, त्यामागे हे शहाणपण होते.

टोपी एकटी बाळ वाचवत नाही, हेही तितकेच खरे. सगळ्यात मोठी ऊब आईच्या छातीची. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत आणि संसर्ग पसरे. त्यांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. त्यातूनच ‘कांगारू मातृसेवा’ ही पद्धत जगभर गेली. तिच्यात बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढेच असते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतासह पाच देशांतली रुग्णालये होती. एक किलो ते 1.8 किलोच्या आतल्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर ही ऊब दिली, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये त्यानुसार शिफारस केली. रोज आठ ते चोवीस तास, जमेल तितके. ही सेवा आईप्रमाणे वडील, आजी, मावशी यांनाही देता येते. आई जेवायला उठली की अब्बांनी सदऱ्याची बटणे उघडून बाळ छातीशी घ्यावे. यात कमीपणा काहीच नाही.

सहा महिन्यांचा हिशेब

इस्लामी इतिहासात अशा बाळाची एक कथा सांगितली जाते. लग्नाला सहा महिने झाले आणि एका स्त्रीला मूल झाले. लोकांनी तिच्या चारित्र्यावर बोट ठेवले आणि प्रकरण खलिफांसमोर गेले. काही रिवायतींत तो काळ हजरत उमर यांचा, काहींत हजरत उस्मान यांचा आहे. हजरत अली यांनी कुरआनातल्या दोन आयती शेजारी ठेवल्या. एकीत गर्भ वाहणे आणि दूध तोडणे मिळून तीस महिने सांगितले आहेत. दुसरीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे, म्हणजे चोवीस महिने आहे. तीसमधून चोवीस गेले, उरले सहा. म्हणजे सहा महिन्यांतही मूल जन्मू शकते. इस्लामी धर्मशास्त्राने गर्भाची किमान मुदत सहा महिने मानली ती याच हिशेबावर.

वजाबाकी लहान होती, पण तिच्यावर एका बाईची अब्रू आणि प्राण तोलले होते. आज कोणी सुनेला दरबारात नेत नाही, पण दोष देणे संपलेले नाही. ‘जिना चढलीस’, ‘नीट खाल्ले नाहीस’, ‘रोजे धरलेस’ किंवा ‘धरले नाहीस’. अकाली प्रसूतीची कारणे अनेक असतात. जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, जुळे-तिळे, आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. गर्भवती आणि स्तनदा स्त्रीला आपल्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी असेल तर रोजाची सवलत आहे. बाळंतिणीने तर सुतकाच्या दिवसांत रोजा धरायचाच नसतो, तो नंतर भरून काढता येतो. सूरह मरियममध्ये हजरत मरियम प्रसूतिवेदनांत एकट्या खजुराच्या झाडाखाली असतात. तिथे त्यांना ताजा खजूर खाण्यास, पाणी पिण्यास आणि मन शांत ठेवण्यास सांगितले जाते. खाणे, पाणी आणि दिलासा. अतिदक्षता कक्षाबाहेर बसलेल्या आईला याहून वेगळे काय हवे असते?

टाक्यांत विणलेली ‘बरकत’

विणकामाचे मुस्लीम जगाशी नाते जुने आहे. दोन सुयांच्या विणकामाचे जे सर्वांत जुने नमुने हाती लागले आहेत, त्यांत इस्लामी काळातल्या इजिप्तमधले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आहेत. स्पेनमधल्या बुर्गोस शहराजवळच्या मठात राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा याची कबर आहे. तो 1275 मध्ये वारला. ख्रिस्ती राजपुत्राच्या त्या कबरीत रेशमी विणकामाची उशी सापडली. तिच्या कडेने कूफी वळणाच्या अरबी अक्षरांत एक शब्द विणलेला आहे, बरकत. विणणारे हात मुस्लीम कारागिरांचे होते, असे अभ्यासक मानतात. विणणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. आशीर्वाद तेवढा राहिला.

टोपी विणायची ती अशी

चार मिलिमीटरच्या, म्हणजे दुकानात आठ नंबरच्या म्हणून मिळणाऱ्या दोन सुया आणि मध्यम जाडीची मऊ बेबी लोकर घ्यावी. 28 सेंटिमीटर घेराच्या डोक्यासाठी 56 टाके घालावेत. पहिल्या सहा ओळी दोन सुलट, दोन उलट अशा विणाव्यात, म्हणजे काठ ताणला जातो आणि डोक्याला बसतो. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे एकूण आठ सेंटिमीटर होईपर्यंत विणावे. मग टाके कमी करायचे. पाच सुलट, दोन टाके एकत्र, असे ओळभर केले की 48 टाके उरतात. पुढची ओळ उलट. त्यानंतर चार सुलट-दोन एकत्र, मग तीन, मग दोन, मग एक, आणि प्रत्येक वेळी मध्ये एक उलट ओळ. 16 टाके उरले की दोन-दोन एकत्र करून आठ करावेत, धागा तोडून सुईने त्यांतून ओवावा, घट्ट ओढून बंद करावा आणि बाजू शिवावी. शिवण सपाट असावी. आतल्या बाजूची गाठ त्या कातडीला खड्यासारखी टोचते. सराव असलेल्या हाताला दोन-तीन बैठका पुरतात.

पथ्ये मात्र कडक आहेत. गोंडा नको, मणी नको, बटण नको, नाडी नको. सुटणारी प्रत्येक वस्तू बाळाच्या नाकातोंडाशी जाऊ शकते. केस सुटणारी फुलफुलीत लोकर नको. जाळीची वीण नको, भोकांत बोटे अडकतात. अंगातले विणायचे असेल तर ते पुढून पूर्ण उघडणारे हवे, कारण बाळाला नळ्या आणि तारा लावलेल्या असतात. डोक्यातून काही घालता येत नाही. विणून झाल्यावर बिनवासाच्या साबणाने धुऊन, कडक वाळवून, स्वच्छ पिशवीत बंद करावे. अत्तर लावू नये.

सर्वांत आधी रुग्णालयात जाऊन विचारावे. जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांसाठी विशेष कक्ष असतात. तिथल्या परिचारिका कोणती मापे लागतात, सूत चालेल की लोकर, मुळात बाहेरचे कपडे घेतात का, हे सांगतील. त्यांनी नाही म्हटले तर वाईट वाटून घेऊ नये. टोपी कधी घालायची आणि कधी काढायची हेही डॉक्टर-परिचारिकांनीच ठरवायचे. घरी आलेल्या, वजन भरलेल्या बाळाला झोपेत टोपीत गुंडाळून ठेवणे उलट धोक्याचे ठरू शकते.

कोणाच्या नावे?

ही जकात नव्हे. जकातीचा हिशेब वेगळा आणि तिचे हक्कदारही ठरलेले. हा फित्राही नव्हे, तो ईदच्या नमाजपूर्वी ज्याचा त्याला पोहोचवायचाच. ही स्वखुशीची नफली खैरात आहे, आणि तिला धर्म-जात विचारायची नसते. काचेच्या पेट्यांवर आईचे नाव आणि वजन लिहिलेले असते. शेजारशेजारच्या पेट्यांत कोणाचेही बाळ असू शकते. या हाताचे त्या हाताला कळू नये, असे दान हेच. विणणारीला बाळ दिसत नाही, आईला विणणारी दिसत नाही.

सगळीच बाळे घरी जात नाहीत. जिवंत जन्मलेले मूल तासाभरातच गेले तरी इस्लाम त्याला पूर्ण माणूस मानतो. त्याला नाव दिले जाते, गुस्ल दिला जातो, जनाज्याची नमाज होते. अशा आईच्या हाती त्या मुलाचे म्हणावे असे फार काही उरत नाही. कधी एक टोपी उरते. ती विणताना कोणी तरी टाके मोजले होते, त्याच्या डोक्याच्या मापाची काळजी केली होती, एवढे त्या टोपीतून तिला कळते.

आणि जी बाळे घरी येतात, त्यांच्या अकीक्याला उशीर झालेला असतो. सातव्या दिवशी बाळ पेटीत होते, म्हणून चौदाव्या, एकविसाव्या किंवा त्याहूनही नंतरच्या दिवशी जावळ उतरते. जावळाच्या वजनाची चांदी दान केली जाते. ती चिमूटभरच भरते, पण घर त्या दिवशी श्रीमंत असते. भेटीला येणाऱ्या खालेने, फूफीने तेव्हा बाजारातली मोठी फ्रॉक आणण्याऐवजी हाताने विणलेले, आज अंगाला येईल असे काही आणावे. मूल मोठे झाल्यावर घालू, असे म्हणून ठेवलेल्या कपड्यांचा ढीग त्या आईकडे आधीच असतो.

इफ्तारची तयारी, सहरीची भांडी, ईदची शिवणटिपण यांतून बाईला रमजानमध्ये उसंत कमीच मिळते. तरी असरनंतर चुलीवर भजी तळण्याआधीचा थोडा वेळ उरतो. नमाजनंतर तसबीहचे दाणे सरकतात, तसेच सुईवरचे टाके सरकतात. घरातल्या पुरुषांनी त्या वेळात फळे कापली तर टोपी एक दिवस आधी पुरी होईल.

ती टोपी त्या बाळाला फार तर काही आठवडे पुरेल. मग डोक्यात जाणार नाही. टोपी लवकर लहान व्हावी, हीच तिच्यासोबत करायची दुआ आहे.