लेकीने दिलेले मार्क

आमचं कोहमारा हे गाव मुळी रस्त्यावरचंच. मुंबई-कोलकाता महामार्ग इथूनच जातो, एक रस्ता गोंदियाला फुटतो, एक नवेगावबांधकडे. रात्री-अपरात्री माणसं उतरतात, चहा घेतात आणि 'इथं मुक्कामाची सोय कुठं होईल हो?' म्हणून विचारतात. तेव्हा राहायची जागा चांगली की वाईट हे मला नुसत्या पाटीवरून कळतं, असा माझा समज होता. तो आमच्या कन्येने पार घालवला.

कन्येचं वय वर्षं चौदा. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही प्रवासाचा बेत मांडला, तर बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही सगळे जा. मी मामाकडे राहते." लहानपणी पिशवी भरायला घेतली की आधी स्वतःच त्यात जाऊन बसणारी ही मुलगी! ह्यांनी लगेच निदान केलं, "मोबाईल. दुसरं काय?" मलाही तेच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे मार्क द्यायचीच सवय. खर्चाची वही तिच्यापुढे टाकली नि म्हटलं, "मागची पानं तुझी. आपण आजवर जिथं जिथं राहिलो, त्या जागांना दहापैकी मार्क दे आणि कारण लिही. वाचून कोणी रागावणार नाही." दोन दिवस वही तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी ती माझ्या उशीखाली सापडली.

शेगावच्या भक्तनिवासाला नऊ. मला वाटलं होतं, देवस्थानाच्या साध्या खोलीला ही नाक मुरडेल. ना टीव्ही, ना गुबगुबीत गाद्या. पण तिने लिहिलं होतं, "संडास-बाथरूम लख्ख. कडी घट्ट. सेवेकरी सगळ्यांना माउली म्हणतात, मलासुद्धा." ते 'मलासुद्धा' मी दोनदा वाचलं.

नवेगावबांधला आम्ही जुन्या सरकारी बंगलीत उतरलो होतो, त्याला आठ. भिंतींना ओल, पंखा कुरकुरणारा, जेवण सांगितल्यावर दीड तासाने. मी स्वतः चारसुद्धा दिले नसते. तिचं कारण असं, की खोलीला लागून कपडे बदलायची वेगळी खोली होती आणि पहाटे व्हरांड्यात एकटीला बसता आलं. समोर तलाव. हा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. मारुती चितमपल्लींनी याच परिसरात कितीतरी वर्षं पाखरं न्याहाळली. हे सगळं मी तिथे तिला सांगत होते आणि ती गप्प होती. मला वाटलं, कंटाळली. वहीत लिहिलं होतं, "आई बोलायची थांबली तेव्हा बदकं जवळ आली."

आणि मग एका थंड हवेच्या ठिकाणचं हॉटेल. नाव लिहीत नाही. तीन ठिकाणांतलं सगळ्यात महाग तेच. चकचकीत फरशी, स्वागताला सरबत. त्याला तिने दिला होता शून्य.

खोली एक, माणसं सहा. आम्ही दोघं, सासूबाई, भाऊजी, धाकटा मुलगा आणि ही. 'फॅमिली रूम' घेतली की पैसे वाचतात, हा हिशेब माझाच. बाथरूमचं दार अर्धपारदर्शक काचेचं, आतला माणूस सावलीसारखा दिसणारा, आणि कडी लागतच नव्हती. चहावाला पोऱ्या न ठोठावता आत यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पाळी आली. वापरलेलं टाकायला आत डबा नव्हता. तिने ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिवसभर स्वतःच्या पिशवीत बाळगलं होतं. दोन दिवस आंघोळ केली नाही. आणि मी? सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अगं, एवढी घोडी झालीस, आंघोळीचा कंटाळा कसला?" भाऊजी हसले होते.

ते वाक्य तिने जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. खाली, 'आईला पाच.'

त्या रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसले. फार काही बोलले नाही. 'मला कळलं नाही गं' एवढंच. ती म्हणाली, "तू विचारलंच नाहीस."

मैत्रिणींनो, गंमत बघा. एसटीत बारा वर्षं संपली की पोराचं अर्धं तिकीट संपतं. पण १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात सगळ्याच बायकांना निम्मं भाडं असल्याने आमच्या लेकीचं अर्धं तिकीट काही सुटलेलं नाही! हॉटेलवाले मात्र बहुतेक ठिकाणी बारा वर्षांपुढचं मूल मोठ्या माणसांत धरून जादा गादीचे पैसे लावतात. आणि ती गादी पडते कुठे, तर दाराशी, सगळ्यांच्या पायवाटेवर. पैसे मोठ्या माणसाचे, जागा मांजराची.

आता आमच्याकडे थोडा बदल झालाय. खोली ठरवण्याआधी फोनवर विचारायचं: बाथरूमचं दार लाकडी की काचेचं, कडी आतून लागते का, आत कचऱ्याचा डबा आहे का. माणसं चारापेक्षा जास्त असतील तर दोन लहान खोल्या, एकीत आम्ही बायका. पैसे थोडे जास्त जातात. ते मी एका वेळचं हॉटेलातलं जेवण कमी करून, घरचे दशमी-चटणीचे डबे नेऊन भरून काढते. सामानात एक जुनी सुती साडी, नायलॉनची दोरी आणि सेफ्टी पिनांचा पुडका असतोच. दोन खिळे सापडले की पडदा तयार. लेकीची एक वेगळी छोटी पिशवी. तिच्यात पॅड, जुनी वर्तमानपत्रं, काळ्या पिशव्या, एक जास्तीची सलवार. ती पिशवी मी उघडत नाही. सकाळी आंघोळीला पहिली कोण, हे आदल्या रात्रीच ठरतं, म्हणजे बाहेरून दार वाजवत कोणी उभं राहत नाही.

ह्यांचं अजून म्हणणं आहे, की 'आपण काय खोलीत बसायला जातो का?' त्यांना पुरुषांच्या खोलीत भाऊजींचं घोरणं ऐकत झोपावं लागतं, तेव्हा त्यांची तक्रार मी समजू शकते.

उन्हाळ्यात जायचं ठरतंय. परवा मी पोळ्या करत होते, तर बाहेरच्या खोलीतून लेकीचा आवाज आला. फोन तिनेच लावला होता. अगदी ठणठणीत आवाजात विचारत होती, "बाथरूमची कडी आतून लागते का?" पलीकडचा माणूस बहुधा गडबडला. मग ती बराच वेळ फोन कानाला लावून उभी राहिली. मी लाटणं हातात घेऊन दारात आले. तिने तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं आणि कुजबुजली, "थांब. बघायला गेलाय."