नोकरींतील समाधान आणि घरचा भार

नोकरी करणारी स्त्री आपल्या कामांत पुरुषाइतकी समाधानी असते काय? अँड्र्यू क्लार्क या अर्थशास्त्रज्ञानें ब्रिटनमधील 1991 च्या कुटुंब-पाहणीच्या आधारें 1997 सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. वेतन कमी असूनहि स्त्रिया पुरुषांपेक्षां अधिक समाधान सांगतात, असें त्यांत आढळलें. यावरून स्त्रीचें थोडक्यांत भागतें, असें म्हणण्याचा मोह होईल. परंतु तरुण व उच्चशिक्षित स्त्रियांत हा फरक दिसला नाहीं. समाधान हें नुसत्या प्राप्तीवर नव्हे, तर अपेक्षेवरहि अवलंबून असतें. जिनें थोडें मागितलें, तिला थोडें पुरेसें वाटतें, इतकाच त्याचा अर्थ.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारत सरकारच्या 2024 च्या कालविनियोग-पाहणीप्रमाणें, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्यांत रोज सरासरी 289 मिनिटें जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचीं 88. बहुसंख्य पुरुष घरकामाला हातच लावीत नसल्यामुळें ते या सरासरींत येतहि नाहींत. 2019 सालीं हे आंकडे 299 व 97 होते. म्हणजे स्त्रीचीं 10 मिनिटें वांचलीं, तशीं पुरुषाचींहि 9 वांचलीं. दोहोंमधील अंतर जवळजवळ होतें तेथेंच राहिलें.

कायद्यानें कांहीं भार हलका केला आहे. मुंबई प्रांतानें 1929 सालींच कारखान्यांतील स्त्रियांसाठीं प्रसूति-लाभाचा कायदा केला. 2017 सालीं देशभर ही रजा 12 आठवड्यांवरून, पहिल्या दोन अपत्यांपुरती, 26 आठवडे झाली. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांस 15 दिवसांची पितृत्व-रजा आहे. परंतु खासगी नोकरींतील पित्यास अशी रजा देणारा सर्वसाधारण कायदा नाहीं. मूल सांभाळणें हें आईचेंच काम, ही समजूत त्यामुळें दृढ होते.

मी शाळामास्तर होतों. शेवटची घंटा झाली म्हणजे वह्यांचा गठ्ठा घेऊन मी घरीं जाई, व आयता चहा पिऊन त्या तपासावयास बसें. माझ्या बरोबरीच्या बाई तितक्याच वह्या नेत. पण स्वयंपाक, भांडीं, मुलांचा अभ्यास आटोपल्यावांचून त्यांना गठ्ठा सोडतां येत नसे. त्यांच्या वह्यांस उशीर झाला कीं, "बायकांचें लक्ष घरांत," असें मीच म्हणत असें. माझें लक्ष शाळेंत राहावें म्हणून माझ्या घरांत कोण राबत होतें, हें मात्र मला सुचलें नाहीं.

म्हणून घरच्या स्त्रीस "नोकरींत समाधानी आहेस ना?" असें विचारण्यापूर्वीं, श्रोतेहो, आपल्या स्वतःच्या घरकामाचीं मिनिटें एकवार मोजून पाहावीं.